मानाचा वाळा

“रेडकर? कुठले रेडकर?” गळ्यातला हार सारखा करत मुजुमदार साहेबांनी मला विचारलं.

“इथलेच,” मी म्हटलं.

“अरे वा! म्हणजे गावची लेकच की!” असं म्हणून ते फोटोवाल्याकडे वळून हसले.

या माणसाने माझ्या बापाला जिवंतपणी मारलं होतं आणि त्याला आमचं आडनावसुद्धा आठवत नव्हतं! खरं सांगते, तोवर माझ्या मनात थोडी चलबिचल होती. म्हातारा माणूस आहे, निवृत्तीचा सत्कार आहे, चारचौघांत कशाला, वगैरे. त्या “कुठले रेडकर”ने ती चलबिचल सगळी धुऊन निघाली. मी पर्समधली काचेची कुपी चाचपून पाहिली. होती जागच्या जागी.

आधीच सांगून ठेवते, मी क्षमाशील बाई नाही. क्षमा करायची ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल करावी, त्यांना पुण्य लागो. मला उट्टं काढायचं होतं, आणि तेही त्याच हॉलमध्ये, त्याच माणसाच्या तोंडून.

हॉल म्हणजे आमच्या गावातल्या शाळेचा. वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं आमचं गाव. रेताड जमीन, त्यात वाळा छान होतो. तोच वाळा, जो तुम्ही उन्हाळ्यात माठात टाकता. आमच्याकडे त्याची मुळं खणून, तांब्याच्या भट्टीत तेल काढायचे. माझे बाबा, भिकाजी रेडकर, त्यातले दर्दी. पण तेलापेक्षा त्यांना अभिमान होता तो मानाचा. गुढीपाडव्याला देवळापुढे पाणपोई बसते, ती पावसापर्यंत. तिच्या मडक्यांत वाळा घालायचा तो रेडकरांच्याच घरचा, असा पिढीजात मान. पाडव्याला बाबा नवं धोतर नेसून, मुळांची जुडी डोक्यावर घेऊन वाजतगाजत जायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला पहिला तांब्या त्यांच्या हातचा. वैऱ्यालासुद्धा.

मी नववीत होते तेव्हा मुजुमदार आले. सुगंधी वनस्पतींच्या केंद्राचे नवे प्रमुख, उत्तरेत शिकून आलेले, पिळदार मिशी, कडक इस्त्री. गावातल्या वाळा उत्पादक संघाची सभा भरली होती. त्यांनी टेबलावर पितळी नळकांड्यासारखं एक यंत्र ठेवलं आणि सगळ्यांचं तेल एकेक करून तपासायला घेतलं. तेल स्पिरिटमध्ये पातळ करायचं, नळीत भरायचं, दिवा लावायचा आणि डोळा लावून बघायचं. शुद्ध वाळ्याच्या तेलातून हा प्रकाश गेला की तो डावीकडे वळतो, म्हणाले. बहुतेक सगळ्यांनी केंद्राने वाटलेली रोपं लावली होती, त्यांचा वळला डावीकडे. बाबांचा उजवीकडे वळला.

“भेसळ,” साहेब म्हणाले.

बाबा उठून उभे राहिले. “देवाच्या पाण्यात घालतंय तो वाळो, सायबानू. त्यात मी भेसळ करीन काय हो?”

“मी नाही म्हणत, यंत्र म्हणतंय. यंत्राला देव नसतो.”

आख्खा हॉल हसला. हॉल! ज्यांनी बाबांच्या हातचं पाणी प्यालं होतं ते सगळे हसले. बाबा हात जोडून उभेच होते. मी दारात उभी राहून ते बघत होते, आणि त्या दिवशीच माझ्या मनात जे काही पेटलं ते पुढे विझलं नाही.

मग पंचनामा झाला. बाबांच्या तेलाच्या दोन बाटल्या लाखेने बंद केल्या, वर केंद्राचा शिक्का उमटवला, चिठ्ठीवर साहेबांनी स्वतःच्या हाताने “भेसळ” लिहून तारीख घातली. एक बाटली केंद्रात गेली आणि एक बाबांच्या हातात दिली. ज्याच्यावर आळ त्याला एक नमुना द्यायचा, असा नियम होता म्हणे. तेवढा एक नियम त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी केंद्राची माणसं येऊन आमच्या जमिनीतले वाळ्याचे ठोंब मुळासकट उपटून घेऊन गेली. “रोगट आहेत, जाळून टाकणार,” म्हणाले. आईने एक ठोंब पदराखाली लपवून न्हाणीच्या मागे, सांडपाण्याच्या कडेला खोचला. तेवढाच वाचला.

पाडव्याला मान दुसऱ्या घरी गेला. बाबा त्या दिवशी पडवीत देवळाकडे पाठ करून बसले. पुढे कायमचेच तसे बसू लागले. बाजाराला जायचं तर देवळाचा रस्ता टाकून शेताच्या बांधावरून जायचे. कुणी विषय काढला तर “देवाक म्हायत आसा” एवढंच म्हणायचे. ती बंद बाटली त्यांनी देवाच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आई गेली तेव्हाही त्यांनी देवळात पाऊल टाकलं नाही.

मी रसायनशास्त्र शिकले ते आवडीने असं लोकांना वाटतं. वाटू दे. मी शिकले ते त्या नळकांड्यात काय आहे हे बघायला. कोल्हापूरला शिकताना मला ते कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या बाहेर पायरीवर बसून दातओठ खाल्ले. वाळा म्हणजे वाळा, सगळा एकच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. उत्तरेकडचा वाळा फुलतो, बी धरतो. त्याच्या मुळांच्या तेलात एक प्रकारची द्रव्यं असतात आणि ते तेल प्रकाश डावीकडे वळवतं. आपल्या दक्षिणेकडचा वाळा बी धरत नाही, ठोंब फोडूनच लावावा लागतो. त्याच्या तेलात ती द्रव्यं शोधून सापडत नाहीत, वेगळीच असतात, आणि ते तेल वळवतं उजवीकडे. दोन्ही शुद्ध. दोन पोटजाती, दोन तेलं. बाबांचा वाळा पणजोबांपासूनचा, इथल्याच मातीतला. मुजुमदारांच्या पुस्तकात एकच वाळा होता, म्हणून माझा बाप चोर ठरला.

नुसती चूक असती तर मी गप्प बसले असते. बहुधा नसतेच बसले, पण ते असो.

पुढे मी पुण्याला एका सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत, तपासणी विभागात लागले. एक दिवस मुजुमदारांच्या केंद्राकडून तेलाचा नमुना आला. त्यांनी स्वतः शोधलेला नवा वाण, ‘श्रीसुगंध’. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं, या वाणाचं वैशिष्ट्य म्हणजे तेल उजवीकडे वळतं. मी झाकण उघडून वास घेतला. आमची पडवी! आमच्या पडवीचा वास, पाडव्याच्या सकाळचा. न्हाणीमागच्या ठोंबाचं तेल मी पूर्वीच काढून ठेवलं होतं. दोन्ही तेलं कंपनीच्या यंत्रावर लावली, ते तेलातलं एकेक द्रव्य आलेखावर वेगळं काढून दाखवतं. कागदावर शिखरांच्या दोन रांगा उमटल्या, एकीवर दुसरी ठेवली तर केसाचा फरक नाही. जाळून टाकलेले ठोंब साहेबांच्या मळ्यात सुखाने वाढत होते. माझ्या बापाला भेसळखोर ठरवून त्याचाच वाळा त्यांनी आपल्या नावावर केला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी बोंब मारली नाही. अहवालात खरं तेच लिहिलं, उत्कृष्ट. बापाचं तेल ते, वाईट कशी लिहू? त्या अहवालावर साहेबांना बक्षीस मिळालं, नाव झालं, आणि निवृत्तीच्या सत्काराला “त्या पुण्याच्या मॅडमना बोलवा” असं त्यांनीच संघाला सांगितलं. सावज आपल्या पायांनी चालत आलं.

सत्काराच्या दिवशी सकाळीच मी परब मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे त्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणारे. आता थकले होते, काठी घेऊन चालायचे. बाबांच्या देवाच्या फळीवरची बाटली मी त्यांच्यासमोर ठेवली. बाबांना मी फक्त “नेतेय” म्हटलं होतं, त्यांनीही “कशाला” विचारलं नाही.

मास्तरांनी चष्मा लावून लाख पाहिली, शिक्का पाहिला, चिठ्ठीवरची आपली सही पाहिली.

“शिक्का शाबूत आहे,” ते म्हणाले. “शेवंती, तेव्हा मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस बोलतोय तर खरंच असेल.”

“आता तुमच्याच हाताने फोडा, मास्तर. थोडं तेल माझ्या कुपीत घाला आणि बाटली तुमच्याजवळच ठेवा. मी बोलावलं की उभे राहा.”

“तेल खराब झालं असेल ना गं इतक्या वर्षांत?”

“वाळ्याचं तेल आहे ते, मास्तर. माणसासारखं नाही, जितकं जुनं तितकं गोड होतं.”

मास्तरांनी लाख फोडली. वास घरभर पसरला तसे त्यांचे डोळे भरून आले. मी माझे भरू दिले नाहीत, मला अजून काम होतं.

तर मी स्टेजवर. बाजूच्या टेबलावर साहेबांच्या कर्तृत्वाचं प्रदर्शन मांडलेलं, त्यात तेच पितळी यंत्र घासूनपुसून ठेवलेलं. साहेबांशेजारी केंद्राचे नवे प्रमुख बसले होते. समोर अख्खं गाव. मागच्या रांगेत बायका माझ्याकडे बोट करून कुजबुजत होत्या, “भिकाजीचा चेडू मगो ता? स्टेजार कशाक गेला?”

माझी पाळी आली. मी माइक घेतला आणि तोंडात साखर घोळवून म्हटलं, “मी शाळेत असताना साहेबांनी याच हॉलमध्ये हे यंत्र लावून दाखवलं होतं. त्या दिवसाने माझं आयुष्य बदललं. साहेबांनी आज एकदा तो प्रयोग पुन्हा करावा, अशी मी विनंती करते. तेल मी आणलंय.”

टाळ्या! साहेब फुलून गेले. शाल बाजूला ठेवून टेबलाशी आले, बाह्या सारल्या, कुपीतलं तेल पातळ करून नळीत भरलं, दिवा लावला, डोळा लावला. मी माइक त्यांच्या तोंडाशी धरून उभी.

“उजवीकडे!” ते ओरडले. मग कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन हुंगला, डोळे मिटले. “अहाहा! सांगायला नको. हे माझं श्रीसुगंध!”

“नक्की, साहेब?”

“अहो, स्वतःच्या लेकराला माणूस ओळखणार नाही? या जिल्ह्यात असं तेल दुसऱ्या कुठल्या मुळातून निघतच नाही.”

“पण भेसळ वगैरे नसेल ना?”

“भेसळ?” ते हसले आणि मिशीवरून बोट फिरवलं. “शंभर नंबरी शुद्ध आहे. भेसळ निघाली तर इथल्या इथे मिशी उतरवून देतो!”

पुन्हा टाळ्या. त्या थांबेपर्यंत मी थांबले. घाई कशाला करायची?

“परब मास्तर,” मी म्हटलं, “जरा उभे राहता?”

मास्तर काठी टेकत उठले. त्यांनी बाटली वर धरली. तोंडाशी अर्धी फुटलेली लाख, शिक्का, पिवळी पडलेली चिठ्ठी. “ही बाटली याच हॉलमध्ये, साहेबांनी, माझ्यासमोर बंद केली होती,” मास्तर म्हणाले, शब्द शिक्षकाचेच, सुटे सुटे. “आज सकाळी ती मी माझ्या हाताने फोडली. कुपीतलं तेल यातलंच आहे. चिठ्ठीवर साहेबांचं अक्षर आहे. भिकाजी रेडकर. पुढे लिहिलंय, भेसळ.”

साहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा कुठे त्यांना आठवलं, कुठले रेडकर ते.

“साहेब, हे शुद्ध आहे तर तेव्हा तुम्ही खोटं बोललात,” मी म्हटलं. “आणि हे तुमचं श्रीसुगंध आहे, तर तुमचा वाण जन्माला यायच्या आधी तो माझ्या बापाच्या भट्टीत कसा आला? आमचे ठोंब तुम्ही जाळायला नेले होते ना?”

“हे पाहा... ही जरा तांत्रिक बाब आहे...”

“तांत्रिक म्हंजे?” मागून एक म्हातारी कडाडली. “मांत्रिकाचो सख्खो भाव काय, सायबानू?”

हॉल हसला. तोच हॉल. यावेळी मी स्टेजवर होते आणि हात जोडायची पाळी दुसऱ्याची होती. काय सांगू तुम्हाला, त्या हसण्याची चव मला अजून जिभेवर लागते.

“मला तुमची मिशी नको,” मी म्हटलं. “ज्या तोंडाने भेसळ म्हणालात त्याच तोंडाने सांगा. भिकाजी रेडकरांचा वाळा शुद्ध होता.”

त्यांनी नव्या प्रमुखांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. साहेब काहीतरी पुटपुटले.

“मागे ऐकू आलं का?” मी विचारलं.

“नाय!” मागच्या रांगा ओरडल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं. घामाने कॉलर भिजली होती.

“आता?”

“आयकाक येना नाय!”

तिसऱ्यांदा ते माइकवर, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलले. बाहेर झाडावरचे कावळेसुद्धा उडाले असतील. मी नमस्कार केला आणि स्टेजवरून उतरले.

चहाला थांबले नाही, परब मास्तरांना त्यांच्या घरी पोचवून निघाले. घरी जायला तिठ्यावरून वळावं लागतं. दुपारचं ऊन रणरणत होतं. तिठ्यावर एसटी थांबते, तिथे पाराच्या कठड्यावर मुजुमदार बसले होते, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन. केंद्राची जीप त्यांना न घेताच गेली होती. हार कुठे टाकला होता देव जाणे. गाडीची वाट बघणारी पाच-सहा माणसं त्यांच्यापासून लांब उभी होती.

“बाळ,” त्यांनी हाक मारली. आवाज कोरडा पडला होता. “पाणी आहे का गं थोडं?”

माझ्या पिशवीत बाटली होती. न्हाणीमागच्या ठोंबाची मुळं घातलेलं, घरचं पाणी. बाटलीचं तोंड पिशवीतून बाहेर दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

“नाही,” मी म्हटलं आणि चालू पडले.

बाबा पडवीत होते, नेहमीसारखे देवळाकडे पाठ करून. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, कित्याक गो म्हाताऱ्या माणसाक चारचौघांत? जन्मभर कुणाला उलटून न बोललेला माणूस. त्यांनी हळूच विचारलं, “घामललो काय गो?”

“कॉलर भिजली, बाबा.”

“तीनदा म्हटल्यान?”

“तीनदा.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले. बाबांचे इतके दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी ते तोंड उघडून हसलेच नव्हते. मग भरात मी पुढचंही सांगितलं, तिठ्यावरचं. “पाणी मागत होता. नाही म्हणून सांगितलं तोंडावर.”

बाबांचं हसू थांबलं.

“तुझ्याकडे पाणी होता?”

“होतं.”

“तानेल्याक नाय म्हटलंस?”

मी मान वर करून म्हटलं, “हो, म्हटलं. त्याला कशाला द्यायचं?”

ते उठले. आत जाऊन पितळी तांब्या घेतला, माठातलं पाणी भरलं. वाळ्याची एक मुळी पाण्यावर तरंगत होती. डोक्याला पंचा गुंडाळला आणि बाहेर पडले. मी मागोमाग धावले. ते बांधाकडे वळले नाहीत. सरळ देवळावरून, भर रस्त्याने, तांब्या दोन्ही हातांत धरून चालत गेले. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत राहिली. मला बाबांचा राग आला होता. एवढं करून शेवटी हा माणूस त्याला पाणी पाजायला निघाला!

तिठ्यावर मुजुमदारांनी त्यांना येताना पाहिलं आणि उभे राहिले. शाल खाली पडली.

बाबांनी तांब्या पुढे केला.

“पिया, सायबानू,” ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण पारापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. “भेसळ नाय त्यात.”

मुजुमदारांचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. माझ्या तीन वेळच्या माइकने जे झालं नव्हतं ते तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचं झालं. तहान इतकी होती की नाही म्हणता येईना, आणि पाणी असं होतं की घोट उतरेना. त्यांनी तांब्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन परत करायला गेले.

“नाय, नाय,” बाबा म्हणाले. “तान लागली हा तुमका. सगळा पिया.”

ते पीत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिशीवर ओघळत होतं. एसटी आली, कंडक्टरने घंटी मारली, गाडीतले लोकसुद्धा खिडकीतून बघायला लागले. तांब्या रिकामा होईस्तोवर बाबा तिथून हलले नाहीत. मग त्यांनी तो उलटा करून झटकला, पडलेली शाल उचलून मुजुमदारांच्या हातात दिली, आणि मागे फिरले.

देवळापाशी ते थांबले. आत गेले नाहीत. पाणपोईच्या रिकाम्या चौथऱ्यावर हात फिरवून त्यांनी धूळ पुसली.

“शेवंते,” त्यांनी विचारलं, “पाडवो कधी आसा गो?”